पहारेकरी केवढा हवा?

माझ्याच हस्ताक्षरातला, हिरव्या शाईतला एक शेरा गेली दोन वर्षं माझ्या मानगुटीवर बसला आहे. शेरा तसा लहानच. ‘एवढ्या मोठ्या यंत्राची आवश्यकता दिसत नाही. लहान घ्यावे.’ खाली सही आणि तारीख. बँकेतल्या ३८ वर्षांच्या नोकरीत असे शेरे मी शेकड्यांनी मारले. त्यातले निम्मे चुकलेही असतील, पण त्यांचं पुढं काय झालं हे कळायच्या आत माझी बदली होत असे. या शेऱ्याचं काय झालं ते मात्र मला जागेवर बसून बघावं लागलं.

निवृत्त झाल्यावर कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेनं मला संचालक मंडळावर घेतलं. मुख्य कचेरी, सहा शाखा आणि साठेक माणसं असा संस्थेचा पसारा. सभासद बहुतेक ऊसवाले, शिक्षक आणि पेन्शनर. ‘साहेब बँकेतले आहेत, खर्चावर लक्ष ठेवतील’ एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती आणि ती मी जरा जास्तच मनावर घेतली. कादंबऱ्या लिहिणारा माणूस व्यवहारात कच्चा, असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा पाडायची संधी मी सहसा सोडत नाही.

या संस्थेचा संगणक विभाग म्हणजे एकटा एक मुलगा. वय अठ्ठावीसच्या आसपास, बोलणं कमी, शर्टाच्या खिशात कायम एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. त्यानं एक दिवस खरेदीचा प्रस्ताव समोर ठेवला. जुना फायरवॉल काढून नवा बसवायचा होता.

फायरवॉल हा शब्द मुळात बांधकामातला. एका घरची आग शेजारी जाऊ नये म्हणून दोन घरांच्या मध्ये जी जाड भिंत घालतात, ती ही भिंत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं सोडलेल्या एका प्रोग्रॅमनं हजारो संगणक एका रात्रीत ठप्प केले. तेव्हापासून संगणकांनाही अशी भिंत हवी हे लोकांना पटू लागलं. आज ती भिंत म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढा एक डबा असतो. बाहेरची इंटरनेटची लाइन आधी या डब्यात शिरते आणि मग आतल्या संगणकांकडे जाते. तारेतून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत जातो. त्या तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात, आपण पाकीट म्हणू. येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट डबा बघतो आणि मगच सोडतो. बँकेच्या दारातला बंदूकवाला पहारेकरी आणि आवक-जावक बघणारा कारकून, दोघांचं काम तो एकटा करतो म्हणा ना.

प्रस्तावाला दोन कोटेशनं जोडलेली होती. तीन वर्षांची वर्गणी धरून एक सव्वा लाखाचं, दुसरं पावणेतीन लाखांचं. मुलाची शिफारस मोठ्याची. लहान डब्याच्या पत्रकावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत क्षमता छापली होती : सेकंदाला १ गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट. आमची लाइन १०० मेगाबिटची. मी मुलाला बोलावून घेतलं.

“अरे, लाइन शंभराची, डबा हजाराचा. दसपट झाला. याहून मोठा कशाला हवा तुला?”

“सर, तो आकडा तपासणी बंद असतानाचा आहे.”

“तपासणी बंद असताना मग डबा करतो काय?”

“काही नाही, सर. नुसतं जाऊ देतो.”

अध्यक्ष मोठ्यानं हसले. मीही हसलो. तो मुलगा हसला नाही. पत्रकाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांतली एक ओळ तो बोटानं दाखवत होता. माझा चष्मा घरी राहिला होता, आणि दीड लाख वाचवल्याचा आनंद तर चष्म्याशिवायही दिसत होता. मी पेन काढलं.

ती बारीक अक्षरातली ओळ मला पुढं सहा महिन्यांनी समजली. आमच्या जुन्या धंद्यातल्या दाखल्यानं सांगतो.

एखाद्या कॅशियरपुढं पाचशेच्या नोटांची सीलबंद बंडलं रचून ठेवा आणि मिनिटाला किती रुपये मोजतोस म्हणून विचारा. तो नोटांना हातही लावणार नाही, बंडलं मोजेल आणि मिनिटाला कोटीचा आकडा सांगेल. त्यालाच पुढं बाजारच्या दिवशीची कॅश द्या. दहाच्या मळक्या नोटा, नाणी, चिकटपट्टी लावलेल्या विसाच्या नोटा. वर सांगा, प्रत्येक नोट उजेडात धरून खोटी-खरी बघ. कॅशियर तोच, टेबल तेच, पण कोटीवरून गाडी काही हजारांवर येईल. पहिला आकडाही खोटा नव्हता. तो फक्त बंडलांचा होता.

फायरवॉलच्या पत्रकावरची ठळक ओळ अशीच बंडलांची असते. कचेऱ्यांत जी ईथरनेटची तार असते, तिच्यातलं पाकीट नेहमीच्या मापात लहानात लहान ६४ बाइटांचं आणि मोठ्यात मोठं १५१८ बाइटांचं. १ गिगाबिटची तार मोठ्या पाकिटांनी गच्च भरली, तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पाकिटं जातात. तीच तार लहान पाकिटांनी भरली, तर १४ लाख ८८ हजार. डब्याला खरे श्रम पडतात ते पाकिटांच्या संख्येचे, वजनाचे नव्हेत. इंटरनेटच्या अभियंत्यांनी १९९९ साली यंत्रांची परीक्षा कशी घ्यावी याचं एक टिपण काढलं, आरएफसी २५४४ नावाचं. सगळ्या आकारांची पाकिटं घालून बघा, असं त्यात सांगितलेलं आहे. विक्रेते त्यातला सर्वांत गोंडस आकडा उचलतात आणि तो ठळक छापतात. आम्ही बँकवाले कर्जमेळाव्याच्या जाहिरातीत व्याजाचा दर छापायचो, तसंच हे. तेव्हा नावं कोणाला ठेवायची?

बरं, हा झाला नुसता पाकिटावरचा पत्ता बघण्याचा हिशेब. पुढच्या पायरीवर आत काय प्रकारचा मजकूर आहे हे बघायचं, त्याच्या पुढं त्यात चोरांच्या माहीत असलेल्या खाणाखुणा शोधायच्या. आणि शेवटची पायरी सर्वांत जड. आजकाल इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर कुलूपबंद असतो. ब्राउझरमध्ये पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ लिहिलेलं असतं, ते याच कुलपाचं नाव. पूर्वी विमा उतरवलेली पाकिटं लाखेचे ठसे मारून येत, त्यांच्यासारखी ही. आत काय आहे ते बघायचं तर डब्यानं लाख फोडायची, मजकूर वाचायचा, पुन्हा पाकीट बंद करायचं आणि वर स्वतःचा ठसा मारून पुढं पाठवायचं. दर सेकंदाला, हजारो वेळा. आमच्या सव्वा लाखाच्या डब्याची क्षमता चोरांच्या खुणा शोधताना १५० मेगाबिटवर येत होती आणि लाख फोडायला बसवला की ६० वर. म्हणजे शंभराच्या लाइनवर साठाचा पहारेकरी. हे सगळं पत्रकात होतं. शेवटच्या ओळीत.

डबा बसला आणि पहिले चार महिने काहीच झालं नाही. मग अध्यक्षांनी आपल्या केबिनमध्ये एक मोठा टीव्ही लावून घेतला. सहाही शाखांमधले कॅमेरे त्यांना खुर्चीत बसून बघायचे होते. सहा शाखा, प्रत्येकी चार कॅमेरे, कॅमेऱ्यामागं साधारण २ मेगाबिट, म्हणजे ४८ मेगाबिट दिवसभर अखंड वाहणार. शाखांकडून येणारी ही सगळी वाहतूकही कुलूपबंद बोगद्यातून येते, आणि तो बोगदा उघडतो आमच्या त्याच डब्यात. हा हिशेब त्या दिवशी कोणी केला नाही. टीव्हीच्या खरेदीला मंजुरी देताना मीही हजर होतो. टीव्ही स्वस्तात मिळाला होता.

आणि मग उसाच्या पहिल्या हप्त्याचा दिवस आला. ज्यांना हा दिवस माहीत नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सकाळी नऊपासून शाखांच्या पायऱ्यांवर माणसं, आत पाय ठेवायला जागा नाही, बाहेर मोटरसायकलींच्या रांगा. अकरा वाजता सहाही शाखांचे पडदे गोठले. पासबुक छापेना, खात्यातली शिल्लक दिसेना. कोणीतरी ‘संस्था बुडाली’ एवढे दोन शब्द जरी मोठ्यानं बोललं असतं, तरी काय झालं असतं याची कल्पना पतसंस्थेत काम केलेल्या कोणालाही करता येईल.

डबा विकणाऱ्याकडच्या माणसाला फोन लागला. त्यानं आपल्या जागेवरूनच काहीतरी खटपट केली आणि दहा मिनिटांत सगळं सुरळीत झालं. अध्यक्षांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. काय केलं हे कोणी विचारलं नाही. त्यानं केलं होतं एवढंच की, डब्यातली सगळी जड तपासणी बंद करून टाकली होती. आता तो नुसतं जाऊ देत होता.

आमच्या मुलानं त्याच दिवशी संध्याकाळी सगळ्या संचालकांना ई-मेल पाठवली. तपासणी बंद आहे, मोठं यंत्र येईपर्यंत शाखांतून वैयक्तिक ई-मेल उघडायला मनाई करावी, कॅमेऱ्यांची वाहतूक कमी करावी, असं त्यात होतं. ती मी वाचली. पोरानं मोठ्या डब्यासाठी नवी खटपट चालवली आहे, असं मनाशी म्हणालो आणि पुढची ई-मेल उघडली.

पाच महिने पहारेकरी दारात उभा होता, पगार घेत होता, टोपीही डोक्यावर होती. डोळे मात्र मिटलेले होते. एका शाखेतल्या कारकुनानं दुपारच्या वेळी स्वतःची ई-मेल उघडली. तिला जोडलेली ‘थकबाकीदारांची यादी’ त्यानं उतरवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत मुख्य कचेरीतल्या सामायिक जागेवरची सगळी कागदपत्रं कुलूपबंद झाली. कर्जदारांच्या दस्तांच्या प्रती, सह्यांचे नमुने, सगळं. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. राखीव प्रत ठेवायची हार्ड डिस्क त्याच यंत्राला कायमची जोडून ठेवलेली होती, तीही गेली. खातेवह्या दुसरीकडे, भाड्याच्या यंत्रणेवर होत्या म्हणून वाचल्या. कोणाचा पैसा गेला नाही, खंडणी दिली नाही. मूळ कागद तिजोरीत होते. ते पुन्हा एकेक करून स्कॅन करायला अकरा आठवडे लागले. तपासणी चालू असती तर ती यादी नक्की अडलीच असती, असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण ती लाखबंद पाकिटातून आली होती आणि लाख फोडून बघणारं कोणी दारात नव्हतं, एवढं खरं.

मग बैठक झाली. संगणक विभाग कोणाकडे? त्या मुलाकडे. त्याला कारणे दाखवा नोटीस गेली. तो बैठकीला आला, फाइल टेबलावर ठेवली आणि एक पान उघडून माझ्याकडे सरकवलं. हिरवी शाई. तो एक शब्द बोलला नाही. बोलायला मी हवा होतो. मी म्हणालो, “तांत्रिक बाब आहे. आता फार तपशिलात जाण्यात अर्थ नाही.” महिन्याभरात त्यानं राजीनामा दिला.

मला सर्वांत जास्त बोचलं ते हे की, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. शाखा व्यवस्थापक असताना मी कॅशची मर्यादा कशी ठरवत असे? वर्षाची सरासरी काढून? मुळीच नाही. बाजारचा दिवस, महिन्याची एक तारीख, दिवाळीच्या आधीचा आठवडा, यांच्याकडे बघून. एक तारखेला पेन्शनरांसाठी तिसरी खिडकी उघडायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं. १९८४ साली रंगराजन समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि संगणकाच्या विरोधातल्या द्वारसभांत घोषणाही दिल्या होत्या. पुढं सगळं संगणकावर आलं तसं मीही शिकलो. पण नोटांच्या बाबतीत जे हाडीमांसी मुरलं होतं, ते तारेच्या बाबतीत मला आठवलंच नाही.

त्या दिवसांत झोप येत नसे, तेव्हा मी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरच्या दरोड्याची हकिगत वाचून काढली. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. तिकडे शुक्रवारी सुट्टी. बँकेच्याच यंत्रणेत शिरून चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठवायचे ३५ आदेश दिले, जवळजवळ ९५ कोटी डॉलरचे. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलापर्यंत पोचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी अडले, कारण चोरांना ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग नीट आलं नाही आणि मधल्या बँकेतल्या कोणाला तरी शंका आली. (क्लिअरिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या तपशिलाचा झालेला आनंद काय सांगू!) तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉयटर्सला सांगितलं की, त्या बँकेत फायरवॉलच नव्हता आणि जोडणीसाठी १० डॉलरचे जुने, वापरलेले स्विच लावलेले होते. देशाची परकीय गंगाजळी ज्या खोलीतून हलते, त्या खोलीच्या दाराचा हा हिशेब. हे वाचून मला जरा हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची दुसऱ्या क्षणाला लाज वाटली.

शेवटी एका रविवारी मी त्या मुलाला फोन केला. तो पुण्यात एका इस्पितळाच्या संगणक विभागात लागला होता. “सर, या की,” म्हणाला. मी गेलो. माफी मागायचं भाषण एस.टी.त पाठ केलं होतं, ते त्यानं पुरतं बोलू दिलं नाही. कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि आपली यंत्रं दाखवायला घेऊन गेला.

तिथं माझ्या डोक्यातला आणखी एक हिशेब मोडला. मी समजत होतो की, इंटरनेटची लाइन केवढी यावर डबा केवढा हे ठरतं. इस्पितळात तसं नव्हतं. एका सीटी स्कॅनच्या शेकडो प्रतिमा असतात, आणि त्या बाहेर कुठं जातच नाहीत. यंत्राकडून डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत, आतल्या आत वाहतात. तपासणीची काही यंत्रं जुन्या प्रणालीवर चालणारी, त्यांना हात लावला तर बनवणाऱ्या कंपनीची हमी जाते. म्हणून ती सुधारता येत नाहीत, त्यांच्याभोवतीच वेगळी भिंत घालावी लागते. म्हणजे भिंत दारात नाही, घरात. तिच्यावरचा भार इंटरनेटच्या लाइनच्या कितीतरी पट. आणि तिथं उशीर चालत नाही, कारण पलीकडे कोणीतरी स्ट्रेचरवर असतं.

शाळेचा प्रकार आणखी निराळा, तो सांगत होता. तास सुरू झाल्याची घंटा झाली की, साठ मुलं एकदम एकच पान उघडतात. एक पान उघडायला संगणक डझनांनी वेगवेगळ्या जोडण्या करतो. वाहतूक फार नसते, पण एका सेकंदात किती नव्या जोडण्या स्वीकारता येतात, यावर डबा गुडघे टेकतो. सिनेमाच्या थिएटरचं दार किती रुंद आहे हे मध्यंतरात कळतं, तसं. याउलट लॉजवर किंवा मंगल कार्यालयात पाहुण्यांच्या फोनची पाकिटं फोडून बघायचा आपल्याला अधिकारच नाही. तिथं एकाच वेळी किती जोडण्या लक्षात ठेवता येतात एवढंच बघायचं. कचेरीतसुद्धा लोकांच्या औषधपाण्याची किंवा स्वतःच्या बँकखात्याची पानं फोडायची नसतात. ती वगळली की, डब्याचा भारही हलका होतो.

“आणि आपल्या शाखांना?” मी विचारलं. ‘आपल्या’ हा शब्द दोघांच्याही लक्षात आला.

“शाखांना लहानच पुरतो, सर. शाखेचा डबा फक्त बोगदा सांभाळतो, तपासणी मुख्य कचेरीत. तिथं बघायचं ते वेगळंच. पंखा नसलेला घ्यायचा, पंख्यात धूळ जाते. मे महिन्यात पत्र्याखाली तापतं. इन्व्हर्टरवर चालला पाहिजे.” थोडं थांबून तो म्हणाला, “मोठं घ्या असं माझं म्हणणं कधीच नव्हतं, सर. मोजून घ्या, एवढंच होतं.”

फार मोठा डबा घेऊन फसलेल्या जागाही त्यानं पाहिल्या होत्या. पहिल्या वर्षी ऐपतीबाहेर खर्च करून बडं यंत्र आणायचं आणि चौथ्या वर्षी त्याची वर्गणी भरायला पैसे नसायचे. वर्गणी संपली की चोरांच्या खुणांची यादी जुनी होते. पहारेकरी धट्टाकट्टा, पण त्याच्या हातात तीन वर्षांपूर्वीचे फोटो.

बोलता बोलता त्यानं एका कागदावर मला गणित मांडून दिलं. लाइन केवढी आहे यापासून सुरुवात करू नका, सर, म्हणाला. सात तारखेला काय वाहतं ते मोजा. आमच्याकडे सात तारखेला शिक्षकांचे पगार जमा होतात. त्यात कॅमेरे धरायचे, शाखांचे बोगदे धरायचे, घरून काम करणारे धरायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा दहा माणसं घरून काम करतील अशा बेतानं घेतलेल्या डब्यांवर अख्खी कचेरी येऊन पडली होती, हे तो विसरला नव्हता. मग तीन-चार वर्षांत होणारी वाढ धरायची. आणि या सगळ्याची तुलना पत्रकातल्या पहिल्या ओळीशी करायची नाही, शेवटच्या ओळीशी करायची. २०२३ साली फायरवॉलसारख्या यंत्रांच्या परीक्षेचं नवं टिपण निघालं आहे, आरएफसी ९४११. त्यात तपासणी चालू ठेवून, कुलूपबंद वाहतूक घालून मोजायची रीत आहे. विक्रेत्याकडे त्या रीतीचे आकडे मागा, म्हणाला. देत नसेल तर महिनाभर डबा उसना मागा आणि सात तारीख त्यात येईल असं बघा.

एका ठिकाणी त्यानं मला परीक्षकासारखं अडवलं. “सर, एक बंद पडला तर म्हणून दोन डबे जोडीनं लावले. दोघांवर साठ-साठ टक्के भार आहे. ठीक आहे का?”

मी ठीक आहे म्हणणार होतो. मग दोन कॅशियर आठवले. एक रजेवर गेला की दुसऱ्यापुढं एकशे वीस टक्के रांग. “नाही,” म्हणालो. तो पहिल्यांदा हसला.

डब्यात कोण आलं, कोण गेलं याची नोंदवहीही असते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ती १८० दिवस, भारतातच, जपून ठेवावी लागते. म्हणजे तिच्यासाठी जागा किती लागेल तेही आधी मोजायला हवं. आमच्या डब्यातली नोंदवही अकरा दिवसांत भरून मागची पानं पुसत होती. नंतर तपासाला आलेल्या माणसांनी ती मागितली, तेव्हा दाखवायला काही नव्हतं.

घरी परतल्यावर बायकोनं विचारलं, “मग आपल्यालाही घ्यायला लागेल का तो डबा?” वाचकांपैकी काहींच्याही मनात हे आलं असेल, म्हणून सांगतो. नाही. घरात कंपनीनं बसवलेला जो रूटर असतो, त्यात दाराला साधी कडी असतेच. त्याचा आलेला पासवर्ड बदलायचा, त्याची नवी आवृत्ती आली की ती चढवून घ्यायची, आणि दुकानदारानं दोन लाखांचं काही दाखवलं तर चहा न पिता निघायचं. मुलगा घरून कचेरीचं काम करत असेल, तर त्याचा बोगदा सांभाळणं कचेरीचं काम आहे, आईवडलांचं नाही.

पुढच्या बैठकीत मी नवा प्रस्ताव मांडला. सोबत दोन कागद जोडले. एक त्या मुलाच्या अक्षरातलं गणित. दुसरा माझा खुलासा. लहान यंत्राची शिफारस माझी होती, तपासणी बंद असल्याची लेखी सूचना मला मिळाली होती, सबब कारणे दाखवा नोटीस मागे घेऊन त्याला चांगला अनुभवाचा दाखला द्यावा. पहिल्या बैठकीत वेळ झाला नाही. दुसऱ्या बैठकीत गणपूर्ती झाली नाही. तिसऱ्या बैठकीत ठराव मंजूर झाला आणि दाखला पोस्टानं गेला. तो मिळाल्याचं त्यानं दोन शब्दांत कळवलं.

नवा डबा घ्यायच्या आधी आम्ही लागोपाठ दोन महिने सात तारखेला मोजमाप केलं, आणि एकदा उसाच्या हप्त्यालाही. पावणेतीन लाखांचा जो त्यानं सुचवला होता, तो लागला नाही. कॅमेऱ्यांची वाहतूक कमी केल्यावर त्याच्या खालचा पुरला. तो दोन लाख दहा हजारांना आला. अध्यक्षांचा टीव्ही मात्र अजून चालू आहे. फक्त आता त्यावर एका वेळी एकच शाखा दिसते, आणि ती कोणती बघायची यावरून ते आणि उपाध्यक्ष यांच्यात रोज सकाळी थोडा वाद होतो.